जुनी युरोपीय सेडान: बिघाड, देखभाल आणि खर्च यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे साधारण दहा ते वीस वर्षे वयाच्या युरोपीय सेडान गाड्यांविषयी आहेत: बीएमडब्ल्यूची ३ आणि ५ सिरीज, मर्सिडीजचा सी आणि ई क्लास, आउडी ए४ आणि ए६, फोक्सवॅगन पासाट, स्कोडा सुपर्ब, व्होल्व्हो एस६० आणि त्यांच्या जवळपासची मॉडेल्स. उत्तरे लिहिणाऱ्याने अशीच एक गाडी अनेक वर्षे वापरली आहे, तिच्यावर वेळोवेळी रागही काढला आहे आणि ती अजून विकलेली नाही. हा पूर्वग्रह वाचकांनी लक्षात ठेवलेला बरा.

नवी असताना इतकी महाग असलेली गाडी आता इतक्या स्वस्तात कशी मिळते?

कारण तिच्यावर पुढे काय खर्च येणार आहे, याचा बाजाराला चांगला अंदाज असतो. वयाबरोबर गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. एअर सस्पेन्शन असलेल्या ई क्लासचा एक स्ट्रट (चाकाजवळचा, गाडी तोलणारा आधार) बदलायचा झाला, तर तो आलिशान गाडीसाठी घडवलेला भाग असतो आणि त्याच हिशेबाने विकला जातो. आपण ती गाडी कितीला घेतली, हे दुकानदार विचारत नाही. मजुरीचेही तेच आहे, कारण दाटीवाटीने बसवलेल्या इंजिनापर्यंत पोहोचायला लागणारे तास गाडी जुनी झाली म्हणून कमी होत नाहीत, उलट गंजलेल्या बोल्टांमुळे वाढतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या व्यवहाराला तंतोतंत लागू पडते. तरीही ज्याने मसाल्याचा हिशेब आधीच करून ठेवला आहे, त्याच्यासाठी हा सौदा वाईट नसतो.

या गाड्या मुळातच कमी विश्वासार्ह असतात का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. इंजिनाचा गाभा, बॉडीचा पोलाद आणि रंग, आसनांची बांधणी या बाबतींत यांतल्या बहुतेक गाड्या भक्कम असतात. त्या ढासळतात त्या कडेकडेने: रबराची सीले, प्लास्टिकचे जोड, सस्पेन्शनचे बुश (जोडांतले रबरी भाग), सेन्सर, वायरिंग. यांतले बहुतेक बिघाड अचानक झाल्यासारखे वाटले तरी ते वयाचे बिघाड असतात, आणि वयाचा बिघाड साधारण केव्हा येईल हे आधी सांगता येते. त्यामुळे आठव्या-दहाव्या वर्षी जे बदलायला हवे ते न बदलता गाडी चौदाव्या वर्षापर्यंत ओढली, की सगळी थकबाकी एकदम अंगावर येते. आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती गाडी नेमकी तेव्हाच आलेली असते.

किलोमीटर कमी झालेली गाडी घ्यावी की नोंदी व्यवस्थित असलेली?

नोंदी असलेली. पंधरा वर्षांत अगदी थोडी फिरलेली गाडी दिसायला मोहक असते, पण रबर आणि प्लास्टिक ओडोमीटर पाहून म्हातारे होत नाहीत. शिवाय छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि ऑइलमध्ये ओलावा व इंधन मिसळत राहते. दोन लाख किलोमीटर महामार्गावर धावलेली आणि प्रत्येक कामाची पावती असलेली गाडी तिच्यापेक्षा बरी.

इंजिन तापण्याची भीती एवढी का घातली जाते?

कारण कूलिंगमधला एक स्वस्त भाग संपूर्ण इंजिन घालवू शकतो. १९९० च्या दशकापासून युरोपीय उत्पादकांनी वजन आणि खर्च कमी करण्यासाठी कूलंटच्या टाक्या, पाइपांचे जोड, थर्मोस्टॅटची (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेची) आवरणे आणि काही गाड्यांत वॉटर पंपाचे पंखेही प्लास्टिकचे केले. त्याच काळात इंधन वाचवण्यासाठी इंजिने अधिक गरम चालवायला सुरुवात झाली. बीएमडब्ल्यूच्या ‘एन५२’ या सहा सिलिंडरच्या इंजिनात हलक्या भारावर कूलंटचे तापमान शंभर अंश सेल्सियसच्या वर मुद्दाम ठेवले जाते. काचतंतू घातलेले नायलॉन वर्षानुवर्षे असे उकडत राहिले, की ते ठिसूळ होते. मग एके दिवशी टाकीला उभी चीर जाते किंवा नळीचा जोड हातात तुटून येतो.

याच इंजिनाचा वॉटर पंप विजेवर चालतो. पट्ट्यावर चालणारा पंप आवाज करून किंवा गळून आधी सूचना देतो, हा मात्र बऱ्याचदा काहीच न सांगता थांबतो. लाखभर किलोमीटरनंतर पंप आणि थर्मोस्टॅट एकत्र बदलून टाकणे शहाणपणाचे ठरते, कारण दोन्ही शेजारीशेजारी आहेत आणि मजुरी जवळपास तीच आहे. या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये मॅग्नेशियम असल्याने तेथे ॲल्युमिनियमचे बोल्ट वापरलेले आहेत आणि ते एकदाच वापरायचे असतात. मेकॅनिक जुनेच बोल्ट परत लावू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या ई९० पिढीत तर कूलंटचा काटाच नाही. म्हणून लाल दिवा दिसताच ‘गॅरेज जवळच आहे’ असा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकायला फार वेळ लागत नाही.

इंजिन ऑइलची थोडी गळती चालवून घ्यावी का?

कुठून गळते यावर ते अवलंबून आहे. व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचे गॅस्केट ही या गाड्यांची नेहमीची ठिकाणे आहेत. दोन्हींचे सुटे भाग स्वस्त असतात, मजुरी मात्र नसते. व्हॉल्व्ह कव्हरमधून झिरपणारे तेल गरम एक्झॉस्टवर पडले, तर केबिनमध्ये जळका वास येतो आणि ते धोक्याचेही असते. फिल्टर हाउसिंगचे तेल खाली पट्ट्यावर पडत राहिले, तर पट्टा फुगून सुटतो आणि काही इंजिनांत त्याचे तुकडे पुढच्या सीलमधून आत ओढले जातात. त्यानंतरचे बिल गॅस्केटच्या बिलासारखे नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या मागच्या सीलचा किंचित ओलावा मात्र, पातळी दर महिन्याला तपासत, पुढच्या मोठ्या कामापर्यंत खुशाल थांबू शकतो.

कोणत्या इंजिनांबाबत विशेष सावध राहावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर मॉडेलच्या नावावरून न देता इंजिनाच्या सांकेतिक क्रमांकावरून द्यावे लागते, कारण बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

बीएमडब्ल्यूचे ‘एन४७’ हे २००७ मध्ये आलेले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मायलेज उत्तम देते, पण त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत ही चेन झिजून तुटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि ती बदलण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर येत असेल, तर ती गाडी पाहून परत यावे.

फोक्सवॅगन समूहाच्या ‘ईए८८८’ या पेट्रोल टर्बो इंजिनाच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे साधारण २००८ नंतरच्या काही वर्षांत, दोन दुखणी होती. पिस्टनच्या ऑइल रिंगा अरुंद असल्याने कार्बनने तुंबत आणि इंजिन तेल पिऊ लागे. आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर दगा देई. हे इंजिन आउडी, फोक्सवॅगन आणि स्कोडा या तिन्हींत आहे, त्यामुळे बोधचिन्ह बदलले म्हणून सुटका होत नाही. विक्रेत्याने टेन्शनर बदलल्याची पावती दाखवली, तर ती गाडी इतरांच्या पुढे ठेवावी. तेलाबाबत विक्रेत्याच्या बोलण्यावर जाऊ नये. डिकीत अर्धवट वापरलेला ऑइलचा डबा दिसला, तर तोच पुरेसे सांगून जातो.

मर्सिडीजच्या ‘एम२७२’ या व्ही६ इंजिनाच्या आरंभीच्या उत्पादनात बॅलन्स शाफ्टचे (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचे) दाते अकाली झिजत. दुरुस्तीसाठी इंजिन खाली घ्यावे लागते. पुढे धातू बदलून हा दोष दूर करण्यात आला, म्हणून इंजिनाचा अनुक्रमांक तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. अगदी जुन्या, १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीज गाड्यांचे दुखणे वेगळेच आहे: त्या काळात वापरलेले वायरिंगचे पर्यावरणस्नेही आवरण काही वर्षांत भुग्यासारखे झडून जाते.

थेट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन सरळ सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या, पेट्रोल इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी बसते. इंजिन अडखळू लागले, की अक्रोडाच्या टरफलांची भुकटी दाबाने मारून ती काढतात. ऐकायला गमतीदार वाटले तरी हे काम खरोखरच परिणामकारक आहे. इंधनात टाकायच्या बाटल्यांचा या काजळीवर उपयोग होत नाही, कारण ते औषध तिथवर पोहोचतच नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असते, असे पुस्तिकेत म्हटले आहे. मग ते बदलावे का?

बदलावे. पुस्तिकेतले ‘आयुष्य’ कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. बीएमडब्ल्यू, आउडी आणि इतर अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे या टप्प्यावर तेल बदलायला सांगते. तेल बदलताना प्लास्टिकचा पॅन आणि त्यातच बसवलेला फिल्टरही बदलावा लागतो, आणि पातळी विशिष्ट तापमानालाच मोजायची असते. हे अंदाजाने करणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी देऊ नये.

फोक्सवॅगन समूहाच्या डीएसजी या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. सहा गिअरच्या ‘डीक्यू२५०’ मध्ये क्लच तेलात बुडालेले असतात आणि दर ६०,००० किलोमीटरला तेल व फिल्टर बदलले, तर तो दीर्घकाळ टिकतो. सात गिअरच्या ‘डीक्यू२००’ चे क्लच कोरडे असतात. त्याच्या क्लचच्या आणि मेकॅट्रॉनिक युनिटच्या (गिअर बदलणाऱ्या नियंत्रकाच्या) तक्रारी बऱ्याच आहेत. गर्दीच्या रहदारीत कणाकणाने पुढे सरकताना त्याचे धक्के जाणवतात. चाचणीची फेरी रिकाम्या रस्त्यावर मारली, तर ते लक्षात येणार नाहीत.

ब्रेक आणि सस्पेन्शनमध्ये काय पाहावे?

पुढच्या सस्पेन्शनचे ॲल्युमिनियमचे आर्म, त्यांचे बुश आणि बॉल जॉइंट हे झिजणारेच भाग मानावेत; आउडी ए४ आणि ए६ मध्ये त्यांची संख्याच जास्त असल्याने पूर्ण संच बदलणे सोयीचे पडते.

ब्रेकच्या बाबतीत एक मॉडेल वेगळे सांगायला हवे. २००२ मध्ये आलेल्या ‘डब्ल्यू२११’ ई क्लासमध्ये ‘एसबीसी’ ही विद्युत-हायड्रॉलिक ब्रेक प्रणाली होती, आणि २००४ मध्ये तिच्यासाठी सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. तिचे युनिट ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी ठेवते आणि ठरलेला आकडा गाठला, की बदलण्याची सूचना देते. २००६ च्या सुधारित आवृत्तीत ही प्रणाली काढून नेहमीचे ब्रेक बसवण्यात आले. दोन्ही पर्याय समोर असतील, तर सुधारित आवृत्तीच घ्यावी. ब्रेक फ्लुइड मात्र कोणत्याही गाडीत दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतला ओलावा शोषत राहते.

डॅशबोर्डवर एकाच वेळी पाच-सहा दिवे लागले. गाडी गेली का?

बहुधा बॅटरी गेली. या गाड्यांतले डझनावारी मॉड्यूल, म्हणजे छोटे संगणक, कॅन बस या सामायिक तारजोडणीवरून एकमेकांशी बोलत असतात. १९९१ च्या एस क्लासपासून हे तंत्र मर्सिडीजमध्ये आले आणि पुढे सर्वत्र रुळले. व्होल्टेज पडले, की प्रत्येक मॉड्यूल आपापली तक्रार नोंदवते आणि पडद्यावर तक्रारींची दिंडी निघते. महागडे मॉड्यूल बदलण्यापूर्वी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगची जोडणी तपासावी. बीएमडब्ल्यूच्या ई९० सारख्या गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद संगणकात करावी लागते, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते.

बॅटरी ठीक असेल, तर पाणी शोधावे. काचेच्या खालची आणि सनरूफची निचऱ्याची छिद्रे पालापाचोळ्याने तुंबली, की पाणी केबिनमध्ये उतरते. फोक्सवॅगन पासाटच्या बी५ पिढीत तर एक महत्त्वाचे मॉड्यूल चालकाच्या पायापाशी गालिच्याखालीच आहे. गालिचा वरून कोरडा असला, तरी खालचा फोम हाताने दाबून पाहावा.

स्कॅनरने दाखवलेला भाग बदलला, तरी दिवा पुन्हा का लागतो?

स्कॅनर भाग दाखवत नाही, लक्षण दाखवतो. ‘मिश्रण पातळ’ असा कोड आला, तर त्याचा अर्थ इंधनाच्या मानाने हवा जास्त जाते आहे एवढाच. ती फाटलेल्या नळीतून जाते, गॅस्केटमधून जाते की आत जाणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सरच चुकीचे मोजतो, हे माणसाने शोधायचे असते. माझ्या गाडीत या एकाच कोडवरून एका गॅरेजने दोन ऑक्सिजन सेन्सर आणि नंतर एअर मास सेन्सर बदलला. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने इनटेकमध्ये धूर सोडला आणि बोटाएवढ्या रबरी नळीची चीर दोन मिनिटांत दाखवली. तेव्हापासून धूर सोडायचे यंत्र आहे का, हा मी नव्या गॅरेजला विचारत असलेला पहिला प्रश्न आहे.

अधिकृत सेवा केंद्रात जावे की स्वतंत्र गॅरेजमध्ये?

हमीची मुदत संपलेली असल्याने बहुतेक कामांसाठी त्या ब्रँडचे काम सातत्याने करणारे स्वतंत्र गॅरेज बरे. कोडिंग (नवे भाग गाडीच्या संगणकाशी जुळवणे), चाव्या आणि परत बोलावलेल्या गाड्यांची कामे अधिकृत केंद्रात करावीत.

सुटे भाग मूळच हवेत का?

मूळ भाग म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. गाडीची कंपनी फारच थोडे भाग स्वतः बनवते. सस्पेन्शनचे आर्म लेमफर्डर, क्लच लूक किंवा साक्स, रेडिएटर बेअर, सेन्सर आणि इंजेक्टर बॉश असे पुरवठादार असतात, आणि तोच भाग त्यांच्या स्वतःच्या खोक्यात पुष्कळ कमी किमतीत मिळतो. कधी कधी त्यावरचे गाडीच्या कंपनीचे बोधचिन्ह घासून काढलेले स्पष्ट दिसते. बचत करायची ती इथे करावी. याच्याही खालच्या पायरीवरचे बिननावाचे भाग, विशेषतः सेन्सर, वॉटर पंप आणि रबरी बुश, वर्षभरात पुन्हा मजुरी द्यायला लावतात. आरसे, दिवे, आसने, दरवाजे भंगारातून निःशंक घ्यावेत. रबर, पंप आणि एअरबॅग कधीही नाही.

ब्रँडच बंद पडला असेल, तरीही भाग पूर्णपणे थांबत नाहीत. साब कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोर झाली, पण तिच्या सुट्या भागांचा व्यवसाय ओरिओ या नावाने चालू राहिला. झिजणारे भाग मिळतात. अडते ते बॉडीचे पत्रे, काचा आणि खास मॉड्यूल यांपाशी.

वर्षाला किती पैसे बाजूला ठेवावेत?

माझा हिशेब असा आहे. गाडी घेताना जेवढी ऐपत असेल, तिच्या साधारण तीन चतुर्थांश किमतीची गाडी घ्यावी आणि उरलेला भाग पहिल्या वर्षासाठी राखून ठेवावा. पहिल्या वर्षी सर्व तेले, फिल्टर, कूलिंगचे प्लास्टिकचे भाग, बेल्ट, ब्रेक फ्लुइड आणि बहुधा टायर हे करायचेच, गाडी कितीही छान चालत असली तरी. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ते पाहिल्यावर बऱ्याच विक्रेत्यांचे ‘टायर नवे आहेत’ हे म्हणणे संपते. त्यानंतर खर्च सपाट राहत नाही: दोन वर्षे केवळ सर्व्हिसिंगवर निघतात आणि तिसऱ्या वर्षी एकदम मोठे काम येते. म्हणून खर्चाची सरासरी किमान तीन वर्षांची धरावी आणि ती रक्कम दरमहा वेगळी काढावी. ऑइल बदलण्याचा ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांचा लांब टप्पा नव्या गाडीच्या जाहिरातीला शोभतो. जुन्या टर्बो इंजिनाला त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, पण कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल द्यावे.

डिझेल घ्यावी की पेट्रोल?

रोज लांब अंतर असेल तर डिझेल, अन्यथा पेट्रोल. छोट्या फेऱ्यांत डिझेलचा पार्टिक्युलेट (काजळी अडवणारा) फिल्टर स्वतःला जाळून साफ करू शकत नाही आणि तुंबतो.

जुनी गाडी परत बोलावण्याच्या यादीत असू शकते का?

हो, आणि हे काम मोफत असते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने बिघडून फुटताना धातूचे तुकडे उडवते. या कारणाने जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्यांत जुन्या बीएमडब्ल्यूही आहेत. चासी क्रमांक देऊन विचारणा करण्यास पाच मिनिटे लागतात. गाडी पाहायला जाण्यापूर्वीच ती करावी.

गाडी कधी सोडून द्यावी?

एखादे काम गाडीच्या बाजारभावापेक्षा महाग आहे, एवढ्यावरून निर्णय घेऊ नये, कारण या वयात जवळजवळ प्रत्येक मोठे काम तसेच असते. त्या पैशांत मिळणारी दुसरी गाडी कोणत्या स्थितीत असेल आणि तिच्यावर पहिल्या वर्षी काय लावावे लागेल, याच्याशी तुलना करावी. कूलिंग, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सचे तेल नुकतेच झालेली आपली ओळखीची गाडी अनोळखी गाडीपेक्षा सहसा स्वस्त पडते. दोन गोष्टी मात्र याला अपवाद आहेत. चासीच्या भार पेलणाऱ्या भागात, म्हणजे सबफ्रेमच्या (सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीच्या) जोडांशी किंवा सिल्समध्ये (दरवाजांखालच्या पट्ट्यांत), आतून गंज चढला असेल तर तिथे पैसे घालू नयेत. आणि गाडी महिन्यात दोनदा रस्त्यात थांबत असूनही तिचे निदान दोन चांगल्या मेकॅनिकांना झाले नसेल, तर दोष लपवून न ठेवता, तो लिहून देऊन, ती दुरुस्तीची हौस असलेल्या माणसाला विकावी.